टाइमलाइन अडकतेय? आधी मोजा, मग कॅबिनेट उघडा

तुळशीचं लग्न लागलं की पुण्यातल्या एडिटिंगच्या टेबलांवर मेमरी कार्डांची रास पडते. तीन कॅमेरे, प्रत्येकी चार तास, ४केमध्ये सेकंदाला १४० मेगाबिटने शूट केलेलं. तासाला ६३ जीबी या हिशोबाने एकाच लग्नाचे साडेसातशे जीबी होतात. पाच-सहा वर्षांचा पीसी त्यापुढे धापा टाकतो आणि ज्याला विचाराल तो सांगतो, ‘मोठं ग्राफिक्स कार्ड टाक.’ बऱ्याचदा नेमका हाच खर्च वाया जातो. कार्ड येतं, टाइमलाइन, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमधली क्लिप्सची पट्टी, होती तिथेच अडकते, कारण दुखणं भलतीकडेच असतं.

म्हणून खिशात हात घालण्याआधी अर्धा तास मोजणीला द्या. एखाद्या प्रोजेक्टमधला सगळ्यात जड पाच मिनिटांचा तुकडा निवडा: दोन-तीन कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र चालवणारं मल्टिकॅम, रंगकाम, थोडं नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे काढणं). तो एक्सपोर्ट करून लागलेला वेळ कागदावर लिहा. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या पानावर जा आणि तोच तुकडा टाइमलाइनवर चालवा.

डिस्क शंभर टक्क्यांना टेकली असेल, तर आधी डिस्क बदला. मेमरी नव्वदच्या वर गेली आणि डिस्कही सोबत धावायला लागली, तर रॅम अपुरी आहे. विंडोज डिस्कलाच रॅम म्हणून वापरतंय. जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) शंभरला आणि बाकी सगळं निवांत असेल, तर ग्राफिक्स कार्डाचा खर्च खरोखर सार्थकी लागेल. चौथा प्रकार सगळ्यात फसवा. प्रोसेसर शंभरला, जीपीयूच्या पानावरचा ‘व्हिडिओ डीकोड’चा, म्हणजे फुटेज उलगडण्याचा, आलेख मात्र जमिनीला चिकटलेला. हा दोष मशीनच्या ताकदीचा नसून फुटेजच्या जातीचा आहे.

४:२:२ची भानगड

सोनीचे ए७ फोर किंवा एफएक्स३सारखे कॅमेरे १० बिट, ४:२:२ रंगाचं, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणारं फुटेज देतात. रंगकामाला ते उत्तम, उलगडायला मात्र जड. साधं ८ बिट ४:२:० एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत; एच.२६५ ही तिची पुढची) कुठलंही बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड स्वतः उलगडतं. ४:२:२चं तसं नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांत ते उलगडायची सोयच नाही. महागडं ४०७० लावलं तरी सगळा भार प्रोसेसरवरच येतो. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या आय५पासून पुढे प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये, म्हणजे क्विक सिंकमध्ये, एच.२६५चं १० बिट ४:२:२ उलगडता येतं. पण अकरा ते चौदाव्या पिढीत एच.२६४चं १० बिट ४:२:२ येत नाही. आरटीएक्स ५० मालिका दोन्ही उलगडते.

यातून दोन गोष्टी निघतात. कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एस आणि एक्सएव्हीसी एचएस असे रेकॉर्डिंगचे दोन पर्याय असतील आणि मशीन क्विक सिंकवालं असेल, तर एचएस निवडा, तो एच.२६५ आहे. आणि इंटेलचा प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला घेऊ नका. दुकानदार तो दीड-दोन हजारांनी स्वस्त म्हणून पुढे करतो, पण त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंकही नाही. गेम खेळणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, एडिटरला पडतो.

क्विक सिंकवालं मशीन असूनही डीकोडचा आलेख शून्यावर असेल, तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ चालू आहे का बघा. वेगळं कार्ड बसवलं की बरेच मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करून टाकतात. मग प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेस, मीडिया आणि तिथे हार्डवेअर डीकोडिंगची खूण. रिझॉल्वमध्ये हाच पर्याय डीकोड ऑप्शन्समध्ये सापडतो. फुकट आवृत्तीत मात्र ही सोय तोकडी आहे, तेव्हा स्टुडिओ आवृत्तीचे पैसेही बजेटमध्ये धरा.

आणि यातलं काहीच परवडणार नसेल, तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती फुटेजची हलकी नक्कल. रात्री निघताना १०८०पी प्रोरेस प्रॉक्सी बनवायला लावून जा. २५ फ्रेमला तासाला साधारण १७ जीबी लागतात, म्हणजे बारा तासांच्या फुटेजला दोनशेच्या आसपास. सकाळी जुनं मशीनसुद्धा लोण्यासारखं चालतं. कमीपणा वाटून प्रॉक्सी टाळणारे बरेच आहेत; का, ते कळत नाही.

डिस्क

१४० मेगाबिट म्हणजे सेकंदाला अवघे साडेसतरा एमबी. तीन कॅमेरे धरले तरी बावन्न-त्रेपन्न. साधी ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क दीडशे एमबी सहज देते, मग ती अडकते का? कारण तो वेग एकच फाइल सलग वाचतानाचा. मल्टिकॅममध्ये सुई तीन फाइलींमध्ये, शिवाय कॅशमध्ये (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइलींत) आणि ऑडिओच्या वेव्हफॉर्ममध्ये सतत इकडून तिकडे पळत असते. एसएसडीत ही पळापळ नाही. त्यामुळे साध्या साटा एसएसडीनेसुद्धा, म्हणजे ५५० एमबीच्या वेगाने, मल्टिकॅम सुटतं. सात हजार एमबीची जेन ४ एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान एसएसडी) घेतली म्हणून एडिटिंग बारा पट होत नाही; तो पैसा जास्त जागेवर घाला.

काम विभागून टाका. विंडोज आणि सॉफ्टवेअर एका ५०० जीबीवर, चालू प्रोजेक्टचं फुटेज २ टीबी एनव्हीएमईवर, कॅश आणि एक्सपोर्ट शक्य असेल तर तिसऱ्यावर. जुनी हार्ड डिस्क फेकू नका, डिलिव्हरी झालेली कामं तिच्यावर ठेवा. प्रीमियर कॅश मूळ सी ड्राइव्हवरच टाकतं. प्रेफरन्सेसमधल्या मीडिया कॅशमध्ये जाऊन जागा बदलली नाही, तर वर्षभरात सी ड्राइव्ह लाल होतो.

स्वस्त क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट कोंबणाऱ्या) एसएसडीपासून मात्र जपून. पहिले काही जीबी झपाट्याने लिहिले जातात, मग आतली वेगवान जागा संपते आणि लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर किंवा त्याखालीही येतो. खोक्यावरचा आकडा खोटा नसतो, तो फक्त पहिल्या मिनिटाचा असतो. दुकानात टीएलसी (सेलमध्ये तीन बिट) आहे का, डीरॅम (एसएसडीची स्वतःची मेमरी) आहे का, हे विचारा.

बसवताना आधी मदरबोर्डचं मॅन्युअल बघा. काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२ खाचेत (एनव्हीएमईच्या जागेत) एसएसडी बसली की दोन साटा पोर्ट बंद पडतात, आणि ‘जुनी हार्ड डिस्क उडाली’ म्हणून धावपळ होते. एसएमपीएसचं (मशीनला वीज देणाऱ्या डब्याचं) बटण बंद करा, वायर काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेट आडवं करा. फेब्रुवारी ते मे पुण्याची हवा कोरडी असते, तेव्हा कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्याशिवाय पार्टला हात लावू नका. एसएसडी तीस अंशांच्या तिरक्या कोनात सोनेरी पट्टी दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवा. सोडली की ती स्प्रिंगसारखी वर उचलली जाते. तशी उचलली गेली म्हणजे बरोबर बसली. मग हलकेच खाली दाबून बारीक स्क्रू लावा. हीटसिंक असेल तर पॅडवरची पारदर्शक पट्टी सोलून काढा. ती तशीच राहिलेली मशीनं कमी नाहीत.

नवी डिस्क ‘धिस पीसी’मध्ये दिसली नाही तर घाबरू नका. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जीपीटी निवडा, फॉरमॅट करा, दिसेल. विंडोज नव्या डिस्कवर नव्याने टाकणार असाल, तर त्या वेळी बाकीच्या सगळ्या डिस्कच्या वायरी काढून ठेवा. नाहीतर बूट करणारा भाग जुन्या डिस्कवरच बसतो, आणि सहा महिन्यांनी ती काढली की मशीन सुरूच होत नाही.

रॅम

४केला ३२ जीबी. आफ्टर इफेक्ट्स किंवा फ्यूजन रोज उघडत असाल तर ६४. एकच मोठी पट्टी नको, जोडी घ्या, आणि चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला पूर्ण वेग देणारं सेटिंग) चालू करा. डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, मशीन रॅम तपासत असतं. घाबरून मधेच वीज बंद करू नका.

ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस आणि गुरुवार

विसर्जन मिरवणुकीच्या रात्रीचं फुटेज डोळ्यांपुढे आणा: ढोलांवर उडणारा गुलाल, हलत्या ध्वजांवर वरून झगमगते दिवे, आयएसओ १२८००. असल्या फुटेजचा नॉइज काढणं हे काम जवळपास पूर्ण ग्राफिक्स कार्डाचं. तिथे कार्डावरची मेमरी मोजा: ८ जीबी किमान, ४केवर नॉइज रिडक्शन रोजचं असेल तर १२ किंवा १६. त्यामुळे रोजच्या एडिटिंगला १६ जीबीचं आरटीएक्स ५०६० टीआय हे कमी मेमरीच्या चमकदार कार्डापेक्षा समजूतदार.

घेण्याआधी टेप लावून कॅबिनेट आतून मोजा. तीन पंख्यांची कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात. मग वीज. ५०६० टीआय १८० वॉट खातं, ५०७० घेतलं तर २५०. आय७ १३७००के जोरात असताना २५३ वॉटपर्यंत जातो. डिस्क, पंखे धरून शंभर. पहिल्याला चांगला ६५० वॉटचा एसएमपीएस पुरतो, दुसऱ्याला ७५० घ्या. कार्डाला आठ पिनांची दोन कनेक्शनं असतील तर दोन वेगळ्या वायरी आणा, एकीचंच शेपूट दुसऱ्याला लावू नका. नव्या सोळा पिनांच्या कनेक्टरमध्ये फट राहता कामा नये, आणि तोंडापासून तीन-चार सेंटिमीटर वायर सरळ राहू द्या. मॉड्युलर एसएमपीएस बदललात तर वायरीसुद्धा बदला. एका ब्रँडची वायर दुसऱ्याच्या एसएमपीएसमध्ये बसते, पण आतली जोडणी वेगळी असते, आणि डिस्क क्षणात जळते.

यूपीएसचा हिशोब बहुतेक जण विसरतात. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. एक्सपोर्ट चालू असताना मशीन चारशे खात असेल, तर वीज गेल्यावर यूपीएसही त्याच क्षणी मान टाकतो. १००० व्हीएच्या खाली बघू नका. महावितरणची देखभाल गुरुवारी निघते, हे पुण्यात कोणाला सांगायला नको. बायोस अपडेट गुरुवारी करू नका, आणि कुठल्याही वारी यूपीएसशिवाय करू नका. मधेच वीज गेली तर बोर्ड मेलाच समजा.

पेठेतल्या जुन्या इमारतीत असाल तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. फेज-न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थमध्येही जवळपास तेवढेच, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीनच्या आत. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर नवं कार्ड थांबवा आणि आधी हे करा.

खरेदी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत करा की ऑनलाइन, बिल जीएसटीचंच घ्या आणि त्यावर पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीला तोच लागतो. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र बुधवार पेठेत गाडी नेण्याचा विचार सोडा.

प्रोसेसर सगळ्यात शेवटी

एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर रायझन ५ २६०० किंवा ३६०० असेल तर नशीबवान आहात: बायोस अपडेट केला की बहुतेक बी४५० बोर्डांवर ५९००एक्स बसतो. अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचा. त्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघा आणि रिकव्हरी की मोबाइलमध्ये नाही, कागदावर उतरवून ठेवा. प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ती मागतं. कूलर काढण्यापूर्वी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. थंड असताना सरळ वर ओढलात तर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

इंटेलच्या सातव्या पिढीचं मशीन असेल तर त्यात काही घालू नका. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही. बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही बदला. १३व्या-१४व्या पिढीचा आय७-आय९ जुन्या बाजारातून स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका. व्होल्टेजच्या दोषाने त्यातले काही आतून झिजलेत. नव्या बायोसने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही.

वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली काम करत असाल तर मेमध्ये एक्सपोर्ट चालू असताना एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा. प्रोसेसर पंचाण्णव-शंभरला टेकून वेग कमी करत असेल, तर महागडा प्रोसेसर नको, धूळ उडवायला ब्लोअर हवा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

हे सगळं झाल्यावर तोच पाच मिनिटांचा तुकडा पुन्हा एक्सपोर्ट करा आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा. आणि कार्ड रीडर कुठल्या पोर्टमध्ये आहे, तेही एकदा बघा. २५६ जीबीचं कार्ड यूएसबी २च्या पोर्टमधून रिकामं व्हायला जवळपास दोन तास लागतात. यूएचएस-२ (वेगवान प्रकारचं) कार्ड, तसाच रीडर आणि यूएसबी ३चा पोर्ट असेल तर वीस मिनिटं. पुढच्या पॅनलवरचा निळा पोर्टही हळू चालत असेल, तर त्याची आतली जाड वायर मदरबोर्डवर नीट बसलेली नाही.