मुलाखतीची वेळ आणि पोटातला गोळा

मुलाखतीच्या मेलमध्ये साडेदहा लिहिलेलं असतं आणि नवखा उमेदवार साडेदहाला इमारतीपाशी पोहोचायचा बेत करतो. पण साडेदहाला तुम्ही पॅनेलसमोर बसलेले असणं अपेक्षित आहे. गेट ते ती खुर्ची हे अंतर कुठल्याच नकाशावर दिसत नाही. गेटवर नोंदवही असते. नाव, फोन नंबर, कुणाकडे काम, आत आल्याची वेळ. तुमच्या पुढे दोन कुरिअरवाले सह्या घेत उभे. वॉचमन ओळखपत्र मागतो, ते नेमकं फाईलच्या तळाशी. मग तो आत फोन लावतो आणि तिकडे कुणी उचलत नाही. फोटो, गळ्यात अडकवायचा पास, बॅगेची तपासणी. इमारतीला दोन विंग असतील तर तुम्ही भलत्याच लिफ्टसमोर उभे असता. यात सहज वीस मिनिटं जातात.

आता मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, त्यामुळे या वीस मिनिटांचा परिणाम समोरून दिसतो. धावत आलेला माणूस बसतो, रुमालाने मान पुसतो, आणि आम्ही ‘स्वतःबद्दल थोडं सांगा’ म्हणतो. अख्ख्या मुलाखतीतला सगळ्यात सोपा प्रश्न, घरून तयारी करून येता येईल असा एकमेव. तोच हातचा जातो, कारण श्वास अजून लागलेला असतो. ‘फार घाबरलेला होता’ असा शेरा पडतो. खरं तर त्यातली अर्धी धडधड जिन्याची असते. म्हणून उशीर आणि भीती हे दोन वेगळे विषय मी मानतच नाही. हाताशी मोकळा वेळ असेल तर भीती आटोक्यात येते. तो नसेल तर बाकी सगळे उपाय लटके पडतात.

वेळेचा अंदाज आपण जवळपास नेहमीच कमी धरतो. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीवर बोट ठेवलं. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर ३४ दिवसांच्या आसपास आलं. प्रत्यक्षात ५५ लागले. आणि गंमत म्हणजे ‘सगळंच बिनसलं तर किती?’ याचंही त्यांचं उत्तर ५० च्या आतच होतं. म्हणजे ‘थोडा जास्तीचा वेळ धरलाय’ असं वाटतं तेव्हाही तो पुरेसा नसतो.

त्यामुळे हिशोब उलटा मांडायचा. खुर्चीत साडेदहा, रिसेप्शनला सव्वादहा, गेटवर दहा, आणि त्या भागात साडेनऊ ते पावणेदहा. प्रवासाचा वेळ यानंतर लावायचा, तोही मुलाखतीच्याच वारी आणि त्याच वेळी रस्ता कसा असतो हे पाहून. सुट्टीच्या दिवशी केलेली रंगीत तालीम फक्त इमारत ओळखायला उपयोगी पडते. पत्ता, गेट, मजला, ज्यांना भेटायचं त्यांचं नाव आणि नंबर एका कागदावर लिहून वरच्या खिशात ठेवा. नकाशातली खूण पुष्कळदा मागच्या बंद गेटवर नेऊन सोडते, आणि चार्जिंग तर ऐन वेळी संपतंच.

मात्र लवकर पोहोचलात म्हणून रिसेप्शनवर तासभर आधी जाऊन बसू नका. एचआरच्या माणसाला उगाच तुमची सोय बघावी लागते आणि तुम्हीही तिथे इतर उमेदवारांचे चेहरे न्याहाळत आणखी घाबरता. जवळपास कुठेतरी टेका, स्वच्छतागृहात जाऊन या, मग आत जा.

उशीर होणारच असं दिसलं तर ठरलेली वेळ उलटण्याआधी फोन करा. ‘नमस्कार, माझी साडेदहाची मुलाखत आहे. मला पोहोचायला अकरा होतील. चालेल का, की दुसरी वेळ द्याल?’ एवढं पुरतं. रस्त्यात काय झालं त्याची कथा नको. वेळ सांगताना हात राखू नका. अकरा सांगून पावणेअकराला आलेला चालतो, पावणेअकरा सांगून अकराला आलेला दोनदा उशिरा येतो. पोहोचल्यावर एकदाच ‘माफ करा’ म्हणा. दर दोन उत्तरांनंतर तेच म्हणत राहिलं की आमचंही लक्ष तिथेच अडकतं.

आता पोटातला गोळा. माणसांवर प्रयोगशाळेत ताण कसा आणायचा, हा संशोधकांपुढचा जुना प्रश्न होता. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये एक पद्धत मांडली, ती आज जगभर वापरली जाते. त्यात काय करतात? खोटी नोकरीची मुलाखत घेतात! चेहऱ्यावर रेषाही न हलवणाऱ्या पॅनेलसमोर पाच मिनिटं ‘मी या कामाला योग्य का’ हे बोलायचं, मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत जायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. हमखास ताण यावा म्हणून ज्यांनी शोधाशोध केली, त्यांनाही मुलाखतच सापडली. तेव्हा तुमचे हात गार पडत असतील तर त्यात तुमचं काही कमी आहे असं समजू नका.

हात गार पडतात ते कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून, आणि तोंड कोरडं पडतं ते लाळ कमी होते म्हणून. दोन्हीवर साधे उपाय आहेत: कोमट पाण्याखाली हात, आणि घोट-घोट पाणी. छातीतल्या धडधडीवर श्वास. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. चार आकडे घेताना, सहा सोडताना, चार-पाच मिनिटं. हे घरी आधी काही दिवस करून पाहिलेलं हवं. पहिल्यांदाच लिफ्टमध्ये करायला गेलात तर आकडेच चुकतील. कॉफीची सवय नसेल तर त्या दिवशी प्रयोग नको. त्यातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास जातात.

आपली घबराट समोरच्याला स्पष्ट दिसतेय, असं वाटणं हा ताणातला मोठा वाटा असतो. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये हे तपासलं. भाषण करणाऱ्यांना वाटत होतं त्यापेक्षा त्यांची घबराट ऐकणाऱ्यांना कमी दिसली होती, आणि ज्यांना ही गोष्ट आधी सांगितली त्यांची भाषणं अधिक चांगली झाली. टेबलाच्या या बाजूनेही तसंच दिसतं. तुम्ही बोलायला सुरुवात करता तेव्हा आमच्यातला एक तुमच्या रेझ्युमेवर तारखा जुळवत असतो, दुसरा पुढचा प्रश्न शोधत असतो. थरथर डोळ्यांत भरते ती हातात धरलेल्या कागदामुळे किंवा काठोकाठ भरलेल्या ग्लासमुळे. कागद टेबलावर ठेवा. फळा असेल तर ‘आकृती काढून दाखवू का?’ असं विचारा. हाताला काम मिळालं की आवाजही ताळ्यावर येतो.

पाठ करायचं तर परिचयाची पहिली दोन वाक्यं. अख्खं उत्तर पाठ केलं की एक शब्द निसटल्यावर पुढचं सगळंच कोसळतं. डोकं रिकामं झालं तर ‘क्षणभर विचार करून सांगतो’ म्हणा आणि खरोखर थांबा. तुम्हाला युगासारखे वाटणारे ते पाच सेकंद आम्ही टिपण लिहिण्यात घालवतो.

ऑनलाइन मुलाखतीतही गेट असतंच: अपडेट मागणारं ॲप, विसरलेला पासवर्ड, हेडफोन न ओळखणारा संगणक. आदल्या रात्री लिंक उघडून बघा, आणि नेट गेलं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा ते आधीच विचारून ठेवा.

बाहेर पडल्यावर ‘कशी झाली’ याचा निकाल लगेच लावू नका. त्याऐवजी जे प्रश्न आले ते फोनमध्ये उतरवा, घरी पोहोचेपर्यंत त्यातले निम्मे विसरतात. विशेषतः जिथे अडखळलात ते लिहा. दुसऱ्या फेरीत आम्ही बहुधा तिथूनच सुरू करतो.