महाशीर नदीत सोडताय? आधी या चुका टाळा

नदीतला मासा कमी झाला की बोटुकली आणून सोडायची, हा उपाय सगळ्यांना आधी सुचतो. ती कुठल्या नदीच्या माशांची पिल्लं आहेत, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि तिची किंमत कावेरीने मोजली आहे.

निळसर परांचा आपला महाशीर, म्हणजे टॉर खुद्री, ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्गअभ्यासक सायक्सने १८३९ साली मुळा-मुठेतल्या माशांवरून नोंदवला. लोणावळ्याजवळ वळवणच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास होऊ लागली. ते काम खरोखर मोलाचं होतं. पण ही पिल्लं कावेरीतही गेली, आणि तिथे आधीपासून नारिंगी परांचा, पाठीला कुबड असलेला स्वतंत्र महाशीर राहत होता. खुद्री वाढत गेला, कुबडवाला हटत गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग यांचाही त्यात हात आहे. तरी पुढची गोष्ट मनाला लागते: त्या कुबडवाल्याचं शास्त्रीय नाव, टॉर रेमादेवी, नक्की झालं २०१८ साली, आणि त्याच वर्षी त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. म्हणून दुसऱ्या खोऱ्यातलं बीज, म्हणजे माशांची पिल्लं, आणू नका. महाडजवळचा वाळण कोंड, वाड्याजवळचं तिळसे इथले देवाचे मासे पश्चिमवाहिनी नद्यांतले आहेत. तिथे घाटावरचं बीज श्रद्धेनेसुद्धा सोडू नये.

दुसरी चूक हिशेबाची. तळ्यात पैदाशीचे ५२ मासे आहेत म्हणून आपण निर्धास्त असतो. त्यात ५० माद्या आणि दोनच नर असतील तर? नर आणि माद्यांच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याला चारने गुणा आणि एकूण संख्येने भागा. ४०० भागिले ५२, म्हणजे जेमतेम पावणेआठ. आनुवंशिकदृष्ट्या तुमच्याकडे आठ मासेही नाहीत! अशा तळ्यात आंतरप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातल्या माशांची आपसातली पैदास, दर पिढीला सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढतं. तेच २६ नर आणि २६ माद्या असतील तर एक टक्क्याच्या आत राहतं. नर कमी लागतात, म्हणून कमी ठेवायची सवय मोडायलाच हवी. अनेक नरांचं वीर्य एकाच भांड्यात मिसळलं तरी गणित बिघडतं, कारण एखादाच नर बहुतेक अंडी फळवून जातो. प्रत्येक मादीची अंडी वाटून घ्या, प्रत्येक वाटा वेगळ्या नराकडून फळवा, आणि सोडताना प्रत्येक जोडीची साधारण सारखी पिल्लं घ्या. पैदाशीचे मासेही दरवर्षी तेच नकोत.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे कशालाच हात न लावणं. दोन धरणांच्या मध्ये अडकलेल्या डोहातले मासे पिढ्यानपिढ्या आपसातच वाढतात. तिथे त्याच नदीतले, भिंतीपलीकडचे मोजके प्रौढ मासे आणून सोडणं योग्य. दर पिढीला एक ते दहा, हा रूढ अंदाज आहे. जास्त नकोत, आणि रोगतपासणीशिवाय तर मुळीच नकोत.

कधीकधी अहवाल ‘शुद्ध खुद्री’ म्हणतो, पण मासा डोळ्यांना वेगळाच दिसतो. अशा वेळी तपासणी फक्त मायटोकॉन्ड्रियल डीएनएची झाली होती का, ते विचारा. तो डीएनए आईकडून येतो. आई खुद्री आणि बाप भलताच असला तरी निकाल खुद्रीच येणार. आई-बाप दोघांकडून येणाऱ्या केंद्रकीय डीएनएचीही तपासणी मागा.

आणि नमुनाच वाया गेला असेल, तर दोष बहुधा फॉर्मेलिनचा असतो. त्यात डीएनए तुटतो. परवानगी घेऊन पराचा नखाएवढा तुकडा कापा, ९५ टक्के इथेनॉलमध्ये बुडवा आणि मासा पाण्यात परत सोडा. कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका: नदी, डोह, तारीख. बाहेरून लिहिलेली शाई इथेनॉलने पुसली जाते, आणि कुठल्या नदीचा हे ठाऊक नसलेला नमुना कुणाच्याच उपयोगाचा नसतो.