नवा प्रोसेसर येणार म्हणून थांबावे का?

डेस्कटॉपचे भाग घेताना येऊ घातलेल्या मॉडेलविषयीच्या वावड्यांपेक्षा कंपनीचा मागचा क्रम पाहावा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स २०, ३०, ४० आणि ५० या ग्राफिक्स कार्डांच्या मालिका अनुक्रमे सप्टेंबर २०१८, सप्टेंबर २०२०, ऑक्टोबर २०२२ आणि जानेवारी २०२५ मध्ये बाजारात आल्या. म्हणजे दोन पिढ्यांमध्ये साधारण दोन वर्षांचे अंतर राहिले आहे आणि मालिका येऊन जेमतेम सहा महिने झाले असतील, तर पुढच्या पिढीसाठी खरेदी लांबवण्यात फारसा अर्थ नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत मात्र तारखेपेक्षा सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवण्याची जागा, महत्त्वाचे, असे माझे स्पष्ट मत आहे. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर २०२२ चे रायझन ७००० आणि २०२४ चे रायझन ९००० हे दोन्ही चालतात, त्यामुळे मदरबोर्ड व रॅम न बदलता, केवळ बायॉस (मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून, पुढे नवा प्रोसेसर बसवता येतो. याउलट इंटेलने १२ व्या ते १४ व्या पिढीपर्यंत वापरलेले एलजीए १७०० सॉकेट ऑक्टोबर २०२४ मध्ये डेस्कटॉपच्या नव्या प्रोसेसरांसाठी बदलले, आणि जुन्या बोर्डांची वाट तिथेच खुंटली.

अधिकृत घोषणा झालेली असून विक्री काही आठवड्यांवर असेल, तेवढ्यापुरते अवश्य थांबावे.