कोळंबीच्या खाद्यासाठी वनस्पतिजन्य बाइंडर कसा वापरावा

कोळंबी माशासारखी घास गिळत नाही. चिमटेदार पायांनी दाणा धरून ती तो सावकाश कुरतडते. तेवढ्या वेळात दाणा विरघळला, तर त्यातली जीवनसत्त्वे पाण्यात निघून जातात आणि उरलेला गाळ तळाशी सडून अमोनिया वाढवतो. म्हणून घरी बनवलेले खाद्य पाण्यात किमान 2 तास टिकावे, असे धोरण ठेवावे.

त्यासाठी दाणा बांधून ठेवणारा चिकट पदार्थ, म्हणजेच बाइंडर, लागतो. सर्वांत सोपा बाइंडर म्हणजे मैदा किंवा टॅपिओकाचे (साबुदाण्याच्या कंदाचे) पीठ. मात्र त्यातला स्टार्च पाण्यासह साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसला फुगतो तेव्हाच चिकटतो, त्यामुळे कच्चे पीठ कितीही घातले तरी दाणा फुटतोच. गव्हाचे ग्लूटेन महाग असले तरी पकड चांगली देते आणि प्रथिनेही पुरवते. गवारीच्या बियांपासून मिळणारा डिंक थंड पाण्यातही घट्ट होतो. परंतु तो एका किलोमागे 10 ग्रॅमच्या आसपासच घालावा, कारण जास्त झाल्यास आतड्यातले अन्न बुळबुळीत होऊन पचन मंदावते.

एक किलो कोरड्या मिश्रणासाठी 150 ग्रॅम टॅपिओकाचे पीठ सुमारे अर्धा लिटर पाण्यात शिजवून खळ करावी. सोयापेंड, शेंगदाणा पेंड, सुक्या मासळीची कुटी आणि भाताचा कोंडा मैद्याइतके बारीक दळून चाळावेत, कारण जाड कण राहिला की दाण्याला तिथेच भेग पडते. माझ्या मते बाइंडर वाढवण्यापेक्षा दळण सुधारणे केव्हाही स्वस्त. गवार डिंक या कोरड्या पिठातच नीट मिसळावा, थेट पाण्यात टाकल्यास त्याच्या गुठळ्या होतात. मग खळ घालून घट्ट गोळा मळावा, 20 मिनिटे वाफवावा आणि कोमट झाल्यावरच जीवनसत्त्वांचे मिश्रण व माशाचे तेल घालावे. तेल आधी घातल्यास ते कणांवर थर धरते आणि खळ त्यांना चिकटत नाही. शेवयांच्या यंत्रातून काढलेल्या सळ्या सावलीत वारा देऊन कडक वाळवून मोडाव्यात; पेंड असलेल्या खाद्यात ओल राहिली तर विषारी बुरशीचा धोका असतो.

तळ्यात टाकण्यापूर्वी चाचणी अवश्य घ्यावी. 10 ग्रॅम दाणे मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशवीत बांधून तळ्याच्याच पाण्यात 2 तास ठेवावेत, पुन्हा पहिल्याइतकेच वाळवून तोलावेत. 9 ग्रॅमच्या आसपास उरले तर खाद्य उत्तम. 8 ग्रॅमपेक्षा कमी भरल्यास आधी दळण आणि वाफवणे तपासावे, डिंकाकडे नंतर वळावे. दाणा दगडासारखा होणेही बरे नव्हे, कारण त्यातून थोडा वास पाण्यात पसरल्याशिवाय कोळंबी त्याकडे येत नाही. रोहू, कटला या माशांना मात्र इतक्या टिकाऊ दाण्याची गरज नसते. त्यांच्या खाद्यात बाइंडर म्हणून शिजवलेली खळ पुरते.