दुर्मिळ झाडाचं बी गोळा करताय? मग हे बघा

एकाच डेरेदार झाडाखाली बसून पिशवी भरू नका, त्यातून येणारी रोपं सगळी भावंडंच होतात आणि पुढच्या पिढीत विविधता फारशी उरत नाही. जमलं तर निदान 50 झाडांकडून थोडं थोडं घ्या, पिकलेल्या बियांपैकी 20 टक्क्यांच्या वर हात लावायचाच नाही. प्रत्येक झाडाचं पाकीट वेगळं, नंबर टाकून.

आणि हो, जवळपास नात्यातली दुसरी जात फुलत असेल तर खूप जपून, कारण बी संकरित असू शकतं आणि ते नुसतं बघून कळत नाही, म्हणून रोपं आली की पानं मूळ झाडाशी ताडून बघा, शंका वाटली तर एक पान सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणारे दाणे) वाळवून डीएनए टेस्टसाठी ठेवा. संकरित रोप परत जंगलात लावू नका प्लीज.