‘लाईट घालव’ म्हटलं तर कळत नाही? बोलक्या घरातल्या या चुका टाळा

साताऱ्याच्या घरी आई-बाबांसाठी बोलून चालणारे दिवे-पंखे आणि आज्ञा ऐकणारा स्मार्ट स्पीकर बसवला, तेव्हा पहिला महिनाभर रोज संध्याकाळी फोन यायचा. “अरे, ही बया ऐकतच नाही.” मी पुण्यात बसून ॲप उघडायचो, तर तिथे सगळं ठणठणीत. बया ऐकत होती, पण फक्त माझं. नावं मी माझ्या सोयीची दिली होती, आज्ञा इंग्रजीत ठरवल्या होत्या आणि सगळा कारभार माझ्या फोनवर. राहत मात्र तिथे ते दोघं होते. त्यानंतर चार-पाच नातेवाइकांकडे हेच काम केलं आणि चुका सगळीकडे जवळपास त्याच निघाल्या.

बल्ब स्मार्ट, बटण मात्र जुनंच

सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक ही. बाजारातून स्मार्ट बल्ब आणायचा, होल्डरमध्ये लावायचा, झालं. मग आई सवयीप्रमाणे खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरचं बटण बंद करते. बल्बची वीजच गेली, तो ऐकणार कुठून? ॲप म्हणतं, उपकरण प्रतिसाद देत नाही. मग बटणावर चिकटपट्टी लावायची आणि वर चिठ्ठी: ‘हात लावू नये’. स्वतःच्या घरात पन्नास वर्षं दिवा लावणाऱ्या बाईला हे सांगायचं म्हणजे कमाल आहे.

बल्ब राहू द्या साधाच. स्विचबोर्डाच्या मागे बसणारं छोटं रिले मॉड्यूल (वाय-फायवरून चालू-बंद होणारा विजेचा स्विच) घ्या आणि जुनं बटण त्यालाच जोडा. मग हाक मारली तरी दिवा लागतो, बटण दाबलं तरी लागतो आणि इंटरनेट गेलं तरी घर चालू राहतं. या मॉड्यूलना बहुतेक वेळा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) लागते. जुन्या घरांत दिव्याच्या बोर्डात ती आणलेली नसते, पण त्याच बोर्डावर प्लगची चालू जागा असेल तर न्यूट्रल तिथे आलेली असतेच. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून एकदा उघडून बघून घ्या, आणि खरेदी त्यानंतर करा. आधी ऑनलाइन सहा मॉड्यूल मागवून मग चार परत पाठवणारा माणूस मीच.

पंख्याचा वेग बदलायचा तर दिव्याचं मॉड्यूल चालत नाही, पंख्यासाठी वेगळं मिळतं. रिमोटवाले पंखे आणि एसी इन्फ्रारेड ब्लास्टरने (रिमोटची नक्कल करणाऱ्या डबीने) चालतात, पण तिथे एक मेख आहे. ब्लास्टर रिमोटसारखा फक्त इशारा पाठवतो, एसीकडून त्याला उत्तर येत नाही. बाबांनी हातातल्या रिमोटने एसी बंद केला तरी ॲप ‘चालू’च दाखवतं. रिमोटवर चालू-बंदचं बटण एकच असेल, तर ‘बंद कर’ म्हटल्यावर बंद असलेला एसी सुरू होतो. ज्या रिमोटच्या इशाऱ्यात तापमान, मोड सगळं एकत्र जातं, तिथे ‘२६ वर चालू’ आणि ‘बंद’ अशा दोन वेगळ्या आज्ञा नोंदवा.

गिझरला सहा अँपिअरचा प्लग

इथे गंमत नाही. २३० व्होल्टवर २००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो आणि ३००० वॅटचा १३ अँपिअर. सहा किंवा दहा अँपिअरचा स्मार्ट प्लग घेऊन, वर अडॅप्टर लावून गिझर चालवणारी घरं मी पाहिली आहेत. प्लग एका दिवसात जळत नाही, हळूहळू तापत, पिवळा पडत जातो. म्हणून लक्षात येत नाही. सोळा अँपिअरचाच घ्या, आणि प्लगला हात लावून तो किती गरम होतो हे पहिल्या आठवड्यात बघत राहा. भिंतीतलं सॉकेट सैल असेल तर आधी ते बदला.

दुसरी गोष्ट: वीज गेली आणि परत आली तर प्लगने काय करायचं? ही सेटिंग ॲपमध्ये असते आणि कोणी उघडून बघत नाही. बऱ्याच प्लगमध्ये ‘आधीच्या स्थितीत परत’ असं असतं. सकाळी गिझर चालू असताना वीज गेली, सगळे कामावर गेले, अकराला वीज आली, गिझर पुन्हा सुरू. गिझरसाठी ही सेटिंग ‘बंद’ ठेवा. आणि वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याचा टायमर प्लगमध्येच असू द्या. काही ॲपमध्ये याला इंचिंग म्हणतात. क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकावर बेतलेलं वेळापत्रक इंटरनेट नसताना पोचत नाही.

पाण्याच्या मोटरीचंही तसंच. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणून प्लग पुरेल असं वाटतं. पण सुरू होताना मोटर त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि प्लगमधला रिले चिकटून बसतो. मग बंद म्हटलं तरी मोटर चालूच. मध्ये कॉन्टॅक्टर (जास्त प्रवाह झेलणारा मोठा स्विच) घाला.

वाय-फाय आणि जागा

यावर फार बोलायला नको. बहुतेक प्लग आणि मॉड्यूल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. जोडताना फोन ५ गिगाहर्ट्झवर असला की जोडणी अडकते आणि माणूस प्लगला दोष देतो. राउटरमध्ये दोन्हींची नावं तात्पुरती वेगळी करा, जोडून घ्या, मग हवं तर एक करा. इन्व्हर्टरवर राउटर आहे, पण फायबरचा डबा नाही, हेही नेहमीचंच. दोन वेगळे डबे असतील तर दोन्हींना बॅकअप हवा.

स्पीकर टीव्हीशेजारी ठेवू नका. २०१७ च्या एप्रिलमध्ये बर्गर किंगने अमेरिकेत जाहिरातच अशी केली होती की टीव्हीतला माणूस ‘ओके गूगल’ म्हणायचा आणि लोकांच्या घरातले गूगल होम उत्तर द्यायला लागायचे. आपल्याकडे मालिका आणि बातम्या ते काम फुकटात करतात. स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यातही नको. मागे टाइल्स, बाजूला मिक्सर आणि वर एक्झॉस्ट फॅन असेल तर माणसालाही ऐकू येत नाही. भिंतीपासून वीतभर पुढे, बसणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीला ठेवा.

हाकेचं नाव, म्हणजे ज्या शब्दाने स्पीकर जागा होतो ते, निवडतानाही कान मराठी ठेवा. अलेक्साच्या (ॲमेझॉनच्या बोलक्या मदतनिसाच्या) उपकरणांत ‘एको’ हे नाव निवडता येतं. ज्या घरात दिवसातून वीस वेळा ‘अहो, ऐका ना’ होतं तिथे ते मी निवडणार नाही.

घरातले शब्द घरातल्यांचेच हवेत

आता मुख्य दुखणं. अलेक्सा हिंदी २०१९ पासून बोलते, गूगल असिस्टंटने फोनवर मराठी २०१८ मध्ये आणलं. पण अलेक्सासाठी स्वतःचं स्किल (तिला नवं काम शिकवणारं छोटं ॲप) बनवायचं तर भारतीय भाषांत आजही इंग्रजी किंवा हिंदी असेच पर्याय समोर येतात. म्हणून मराठी घरात नावं इंग्रजी, क्रियापद हिंदी आणि वैताग मराठी, अशी खिचडी होते.

त्यातल्या त्यात टाळता येण्याजोगी चूक नावांची. खोलीचं नाव ‘हॉल’, दिव्याचं ‘हॉल लाईट’, ग्रुपचं ‘हॉल लाईट्स’ असं ठेवलं की यंत्र दर वेळी विचारतं, यातलं कोणतं? एक खोली, एक नाव, आणि ते घरात आधीपासून चालत आलेलं. आमच्याकडे ‘मास्टर बेडरूम’ असं काही नव्हतंच, ती ‘आतली खोली’. देवघराला मी ‘पूजा रूम’ म्हटलं होतं. आई ते उच्चारायला तयार नव्हती, आणि ती बरोबर होती. इंग्रजी लिपीत ‘देवघर’ असं नाव दिलं, चार-पाच वेळा म्हणून पाहिलं, चाललं. काही मराठी नावं अशी ओळखली जातात, काही अजिबात नाही. ‘माळा’ म्हटलं की आमच्याकडे गाणी लागायची.

ज्यांना थोडं प्रोग्रॅमिंग येतं त्यांच्यासाठी होम असिस्टंट हा रस्ता आहे. ही मोफत, मुक्त प्रणाली २०१३ पासून आहे, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरही चालते, आणि तिच्यात आपली वाक्यं आपण लिहू शकतो. मीही ‘दिवा चालू कर’, ‘दिवा बंद कर’ अशी सुबक वाक्यं लिहिली. घरात तसं कोणीच बोलत नव्हतं. मग आठवडाभर फ्रिजवर कागद लावला आणि जो जे म्हणेल ते लिहून काढलं. दिवा ‘लाव’, लाईट ‘घालव’, पंखा ‘सोड’, पंखा ‘लाव’, टीव्ही ‘लाव’, टीव्हीचा आवाज ‘बारीक कर’. देवघरातल्या दिव्याला आई ‘मालव’ म्हणते, मग तो एलईडीचा का असेना. ‘विझव’ तिच्या तोंडून येणार नाही. कोशातून समानार्थी शब्द काढले असते तर यातले निम्मे सुटले असते.

त्याहून खोल खड्डा सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागताना शब्द बदलतो त्याचा. यादीत ‘आतली खोली’ आणि ‘पंखा’ लिहिलंत, पण माणूस म्हणतो ‘आतल्या खोलीतला दिवा’, ‘पंख्याचा वेग वाढव’. यंत्र शब्दाला शब्द जुळवत असेल तर ‘पंख्या’ त्याच्या यादीत नाही, म्हणून ते गप्प. प्रत्येक नावाची दोन्ही रूपं लिहा: देवघर आणि देवघरातला, खोली आणि खोलीतली, दिवा आणि दिव्याचा. इंग्रजीतले नमुने तसेच उतरवणारे सगळे इथे पडतात.

वेळेचंही तसंच. आपण ‘पाच पंचेचाळीसचा गजर’ म्हणत नाही, ‘पावणेसहाचा’ म्हणतो. सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच हे सगळं हाताने शिकवावं लागतं. मी ‘साडे’ म्हणजे अर्धा तास असा नियम लिहिला आणि ‘दीड’ विसरलो. मग चपातीची कणीक ‘दीड तास’ झाकायची म्हटल्यावर टायमरच लागला नाही. ‘परवा’ मागचा की पुढचा, हे वाक्याच्या काळावरून ठरवा. ‘रात्री दोनचा गजर’ म्हणजे तारीख उद्याची, हे विसरू नका.

आणि उत्तराचं लिंग. साचा लिहिला, ‘अमुक चालू केला’. दिवा चालू केला, पंखा चालू केला, छान. पुढे ‘मोटर चालू केला’. बाबा म्हणाले, “हा कुठला पाहुणा आणलास?” क्रियापदच काढून टाका. ‘मोटर चालू.’ बास. दिवा लागलेला डोळ्यांना दिसतोच, त्यासाठी यंत्राने वाक्य कशाला बोलायचं? बोलून खात्री फक्त गिझर, मोटर आणि दाराच्या कुलुपासाठी करून घ्या.

आवाजाचं अक्षरात रूपांतर करायला व्हिस्पर वापरत असाल (ओपनएआयने ते २०२२ मध्ये खुलं केलं, मराठी त्याच्या भाषांत आहे), तर भाषा ‘मराठी’ अशी पक्की सांगा. ओळखायचं त्याच्यावर सोडलं तर दोन शब्दांची आज्ञा ते बेधडक हिंदी समजतं. छोटी मॉडेलं मराठीत बरीच चुकतात, मोठी रास्पबेरी पायवर रांगतात. तडजोड इथे करावीच लागते. मी एक जुना संगणक कामाला लावला.

क्लाउडवर बांधणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अलेक्साचं स्किल आठ सेकंदांत उत्तर देऊ शकलं नाही तर संभाषण तुटतं, म्हणून हळू चालणारं काम मागे चालू ठेवा आणि आधी काहीतरी बोला. दुसरं, सगळं डोकं कंपनीच्या दुकानात ठेवू नका. गूगलने कन्व्हर्सेशनल ॲक्शन्स (असिस्टंटसाठी बाहेरच्यांनी बनवलेली बोलकी ॲप) १३ जून २०२३ रोजी बंद केल्या आणि लोकांची बनवलेली संभाषणं त्या दिवशी संपली. कोणता दिवा कधी लागावा हे आपल्या घरातल्या यंत्रात असू द्या. बोलणारा डबा उद्या बदलला तरी चालेल.

बंद पडलं तर

आधी स्पीकरवरच्या दिव्याचा रंग बघा. एको उपकरणावर (अलेक्साच्या स्पीकरवर) लाल कडं असेल तर माइक बंद आहे, बहुतेक वेळा फडक्याने पुसताना बटण दाबलं गेलेलं असतं. पिवळा म्हणजे निरोप किंवा सूचना आली आहे, बिघाड नाही. आमच्याकडे पिवळा दिसला की आई डब्याचा प्लगच काढायची. नारिंगी फिरत असेल तर ते वाय-फायशी जोडलं जायची वाट बघतंय. पाहुणे बसलेले असताना लाल मुद्दाम करून ठेवायलाही हरकत नाही. आवाजाने खरेदी बंद ठेवा किंवा तिला पिन लावा, घरात लहान मूल असेल तर नक्कीच. ॲपमध्ये आवाजाच्या नोंदी असतात, त्या पुसता येतात. पण पुसायच्या आधी एकदा ऐका, कारण यंत्राने नेमकं काय ऐकलं हे तिथेच कळतं आणि अर्धं निदान तिथेच होतं.

एकच उपकरण गप्प असेल तर त्याची वीज काढून दहा सेकंदांनी लावा. सगळीच गप्प असतील तर राउटरकडे जा. दिवा बटणाने लागतो पण बोलून नाही, तर नाव तपासा, कोणीतरी ॲपमध्ये बदललेलं असतं. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी, कारण त्याबरोबर त्या उपकरणाची जोडणी आणि कष्टाने जमवलेलं नाव जातं. त्याआधी नावांचे आणि ग्रुपचे स्क्रीनशॉट काढून घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवा.