हॅमर बसवण्याआधीची तयारी

प्रोटीनच्या सीक्वेन्समध्ये ओळखीची डोमेन्स, म्हणजे ठराविक रचनेचे किंवा कामाचे तुकडे, शोधायची तर हॅमर आणि पीफॅम ही जोडी लागते. हॅमर हा शोधणारा प्रोग्राम, पीफॅम हा प्रोटीन कुटुंबांच्या प्रोफाइलांचा, म्हणजे ओळखनमुन्यांचा, संग्रह. लिहिताना एचएमएमईआर, बोलताना हॅमर. प्रोग्राम बसवणं हे तासाभराचंही काम नाही. वेळ जातो तो आधी न बघितलेल्या गोष्टींत, म्हणून ही यादी.

पहिला प्रश्न: मशीन कोणाचं? स्वतःच्या उबंटू लॅपटॉपवर ‘सुडो’ (अ‍ॅडमिनच्या अधिकारानं कमांड चालवणं) चालत असेल तर ‘एपीटी’ या उबंटूच्या इन्स्टॉलरनं हॅमर एका ओळीत येतं. फक्त आलेली आवृत्ती बघून ठेवा, कारण उबंटूच्या भांडारात कधीकधी जुनी असते. विभागाच्या सर्व्हरवर सुडो मिळणार नाही हे धरूनच चला आणि त्यासाठी अ‍ॅडमिनच्या मागे लागू नका, गरजच नाही. सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड, उतरवून त्यातल्या ‘कॉन्फिगर’ला ‘प्रीफिक्स’ म्हणून आपल्या होममधलं एखादं फोल्डर दिलं की सगळं तिथेच बसतं. प्रीफिक्स दिला नाही तर ‘मेक इन्स्टॉल’ थेट ‘यूएसआर लोकल’मध्ये लिहायला जातं आणि ‘परमिशन डिनाइड’ ऐकून परत येतं. कोंडा हा पॅकेज मॅनेजर आधीपासून वापरत असाल तर बायोकोंडावरून घ्या, तेही चांगलं.

सोर्सवरून करणार असाल तर जीसीसी हा कंपायलर आणि मेक हे बांधणीचं साधन आहेत का बघा. उबंटूवर ते ‘बिल्ड इसेन्शियल’मध्ये येतात, मॅकवर एक्सकोडच्या कमांड लाइन टूल्समध्ये. पर्ल आणि पायथन ३ हेही असू द्या, ‘मेक चेक’मधल्या काही चाचण्यांना लागतात. ‘यूनेम’ला वजा एम लावून प्रोसेसर कोणता ते पाहा. एम१ किंवा त्यापुढचा मॅक असेल तर ३.४ हीच आवृत्ती घ्या. ऑगस्ट २०२३ च्या या आवृत्तीपासून हॅमर एआरएम प्रोसेसरवर सरळ बांधता येतं, त्याआधीच्या ३.३.२ मध्ये ती सोय नव्हती.

आता जागा. प्रोग्राम किरकोळ आहे, पोट मोठं आहे ते पीफॅमचं. ‘पीफॅम-ए’ची फाइल दाबलेली येते, उघडल्यावर तिचे जीबी होतात, आणि मग हॅमरमधलं ‘एचएमएमप्रेस’ तिच्यातून आणखी चार फायली काढतं. होमचा कोटा तुटपुंजा असेल तर ती स्क्रॅचवर, म्हणजे सर्व्हरच्या तात्पुरत्या डिस्कवर, ठेवा, पण स्क्रॅच ठराविक मुदतीनं साफ होतं का ते आधी विचारा. दहा जीबी मोकळे असले की निवांत. डाउनलोड अर्धवट तुटलं नाही ना, ते ‘जीअनझिप’ला वजा टी लावून तपासा आणि पीफॅमच्या रिलीजचा आकडा वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी रिव्ह्यूअर नेमका तोच विचारतो.

तुमची फास्टा फाइलही, म्हणजे तुमचे सीक्वेन्स असलेली फाइल, आत्ताच बघा. विंडोजवरून आली असेल तर ओळींचे शेवट सुधारायला ‘डॉसटूयुनिक्स’ फिरवा. हेडरमध्ये, म्हणजे प्रत्येक सीक्वेन्सच्या नावाच्या ओळीत, पहिल्या स्पेसपर्यंतचाच भाग नाव म्हणून धरला जातो. एक्सेलमधून ‘सॅम्पल १’, ‘सॅम्पल २’ अशी नावं आली असतील तर निकालाच्या तक्त्यात सगळीच नुसती ‘सॅम्पल’ होतात आणि कोणतं डोमेन कोणाचं ते शोधत बसावं लागतं. स्पेसच्या जागी अंडरस्कोर टाका.

एवढं झालं की मग कॉन्फिगर, मेक, मेक चेक, मेक इन्स्टॉल. मेक चेक गाळू नका. सोर्ससोबत आलेल्या ‘ईझल’ फोल्डरात जाऊन वेगळं मेक इन्स्टॉल करा, नाहीतर ‘ईएसएल-एसफेच’सारखी छोटी कामाची हत्यारं मिळत नाहीत. बिन फोल्डर ‘बॅशआरसी’तल्या पाथमध्ये सुरुवातीलाच घाला आणि ‘विच एचएमएमसर्च’ आपलाच पत्ता दाखवतं ना बघा. सर्व्हरवर कोणीतरी जुनं हॅमर बसवून ठेवलेलं असतंच.

खरी परीक्षा हॅमरसोबत येणाऱ्या ट्यूटोरियल फोल्डरात. ‘ग्लोबिन्स४’ या अलाइनमेंटमध्ये (एकाखाली एक जुळवून मांडलेल्या यादीत) चार सीक्वेन्स आहेत: माणसाच्या हिमोग्लोबिनची अल्फा आणि बीटा साखळी, लॅम्प्रे या बिनजबड्याच्या माशाचं ग्लोबिन आणि स्पर्म व्हेलचं मायोग्लोबिन. हे तेच मायोग्लोबिन, ज्याची त्रिमितीय रचना शास्त्रज्ञ जॉन केंड्रू यांनी १९५८ साली दाखवली. त्यावर एचएमएमबिल्ड चालवून प्रोफाइल बनवा आणि एचएमएमसर्चनं ती ‘ग्लोबिन्स४५’ या सीक्वेन्सच्या फाइलवर फिरवा. ग्लोबिनांची लांब यादी नगण्य ई-व्हॅल्यूसह आली पाहिजे (ई-व्हॅल्यू म्हणजे असे किती निकाल निव्वळ योगायोगानं येतील त्याचा अंदाज). यादी रिकामी आली तर आपल्या डेटाकडे वळायचंच नाही, आधी इन्स्टॉलेशन बघायचं.

आपले सीक्वेन्स पीफॅमवर ताडायला एचएमएमस्कॅन चालवताना ‘कट जीए’ लावा, म्हणजे प्रत्येक कुटुंबासाठी पीफॅमनंच ठरवलेली मर्यादा वापरली जाते. ‘डॉमटीबीएलआउट’ही मागा, तोच तक्ता पुढे स्क्रिप्टला वाचता येतो. क्लस्टरवर असाल तर हे सगळे जिथे लॉगिन करतात त्या लॉगिन नोडवर नको, कामं रांगेत लावणाऱ्या स्लर्ममधून पाठवा. आणि तिथे मागितलेले कोअर ‘सीपीयू’ या पर्यायातही सांगा, कारण हॅमर आपणहून दोनच कामाला लावतं. पण बत्तीस मागून हावरटपणा करू नका. एचएमएमस्कॅनचा बराच वेळ डिस्कवरून वाचण्यात जातो, चार-आठच्या पुढे फारसा फरक पडत नाही आणि रांगेत मात्र ताटकळावं लागतं.